उस्तादांचा जबडा

पनवेलहून पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या हायवेवर एके काळी जे बार आणि लॉज होते, त्यांतल्या बहुतेकांची नावं माझ्या उस्तादांनी काचेत वाकवलेली होती. लाल, निळी, हिरवी. दिवेलागणीला ती पेटली की रस्ता लांबवर रंगीत दिसायचा. लोक त्याला नुसतं 'लाइटिंग' म्हणायचे. त्या गॅस भरलेल्या काचेच्या नळ्या असतात आणि एक माणूस त्या आगीवर धरून, तोंडाने फुंकत एकेक अक्षर वळवतो, हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

माझं शिक्षण बारावीला अडकलं होतं. आमची खाडीकाठची शेती नव्या शहरासाठी गेली होती. मी आणि माझा चुलतभाऊ दिवसभर नाक्यावर बसायचो आणि कुणी वाकडं बोललं की उठायचो. तो माझ्याहून थोरला, मी त्याला दादा म्हणायचो. एकाच घरात, एकाच चुलीवर वाढलो. मारायला त्यानेच शिकवलं. "पयला ठोसा आपला पायजे," तो सांगायचा. "मंग समोरचा कितीबी मोठा असू दे." एका भरावाच्या डंपरच्या ड्रायव्हरने काकीला, म्हणजे दादाच्या आईला, रस्त्यात शिवी दिली, तेव्हा दादाने त्याचा हात दरवाजात घालून दरवाजा लोटला होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला तेव्हा दादाचा अभिमान वाटला होता.

एकदा एका बारवाल्याने दादाला चार माणसांसमोर दारातून परत पाठवलं. त्याने कडेचा दगड उचलला आणि पाटीवर फेकला. एक अक्षर फुटलं आणि त्याच्याबरोबर सगळी पाटी विझली. दादा पळाला. मी ती विझलेली पाटी बघत उभा राहिलो, म्हणून सापडलो. बारच्या माणसांनी मला पोटभर बडवलं आणि दुसऱ्या दिवशी मालकाने गाडीत घालून उस्तादांच्या शेडवर नेऊन सोडलं.

"हा फोडणारा. याच्याकडूनच कामं करून घ्या."

उस्ताद बारीक चणीचे, पांढरी दाढी कातरलेली, अंगात बनियन. त्यांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"फोडायला अक्कल लागत नाही, मियाँ," ते म्हणाले. "बस तिथे. बघ."

मी बघितलं. त्यांनी काचेची लांब नळी घेतली. एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि त्या रबरी नळीचं टोक त्यांच्या दातांत. काच बर्नरवर फिरत होती. हळूहळू ती लाल झाली, मग दोरीसारखी लोंबायला लागली. त्या क्षणी त्यांनी ती आगीबाहेर घेतली, खालच्या कागदावरच्या रेघेवर टेकवली आणि वळवता वळवता गालातून एवढीशी फुंकर घातली. फुंकर नसती तर वळणावर नळी चेपली असती. जास्त झाली असती तर फुगून फुटली असती. काच गार होईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही. खाली इंग्रजी 'एस' तयार होता, तोही उलटा, आरशातल्यासारखा, कारण काम नेहमी पाठीमागून करायचं असतं.

पाटी फोडल्याची शिक्षा म्हणून आलो होतो. परत गेलोच नाही.

उस्ताद शिकवताना मारायचे. ओल्या फडक्याचा फटका बसायचा, कानशिलावर. काच गार आहे की गरम हे बघून कळत नाही. माझ्या बोटांची टोकं इतक्या वेळा भाजली की अजूनही ती गुळगुळीत आहेत. सगळ्यांत भयंकर काम असायचं नळीतली हवा काढून ती आतून तापवण्याचं. तिच्या दोन्ही टोकांना हजारो व्होल्टचा करंट जोडायचा. नळी गुरगुरायची, टोकांचं लोखंड आतल्या आत लाल व्हायचं. मी एकदा तारेजवळ हात नेला, तेव्हा उस्तादांनी मला अशी थप्पड मारली की मी भिंतीवर आपटलो. नाकातून रक्त आलं.

"मेला असतास," एवढंच म्हणाले, आणि त्यांनीच पाणी आणून दिलं.

पुढे आम्ही दोघे मिळून काम करायला लागलो. माझं लग्न झालं. बायको पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायची, अजूनही विकते. उस्तादांची बायको गेली होती, मुलगी महाडला दिलेली. दुपारचं जेवण माझ्या घरून दोघांना यायचं. कामाला तोटा नव्हता. बार बंद पडले तर हॉटेलं आली, हॉटेलांमागून शोरूम आले. सगळ्यांना नावं इंग्रजीत हवी असायची. ते आम्हालाही सोपं होतं. मराठी अक्षर काचेत वळवायचं तर शिरोरेषा येते, तिच्यावरून नळी परत फिरवून आणावी लागते, काना, मात्रा, वेलांटी. जी जोडणी दिसायला नको ती काळ्या रंगाने लपवावी लागते. तरी उस्तादांना मराठी पाटीच आवडायची. "इंग्रजीत अक्षरं सुटी उभी राहतात," ते म्हणायचे. "मराठीत एकमेकांना धरून असतात."

दादाही मोठा झाला होता. जमिनीचे व्यवहार, भरावाची कामं, दोन गाड्या, गळ्यात जाड साखळी आणि एका पक्षाचं स्थानिक पद. त्याच्यामागे पंचवीसतीस पोरं असायची. मला तो रस्त्यात भेटला की गाडी थांबवायचा. "काय रं, अजून पोंगे फुंकतोस?" म्हणून हसायचा. एकदा शेडवर आला. भिंतीला टेकवलेल्या पाट्या पाहिल्या.

"या इंग्लिश पाट्या बंद कर."

"गिऱ्हाईक सांगेल ते करतो, दादा."

"गिऱ्हाईकाला मी सांगतो. तुला आधी सांगितला, घरचा म्हणून."

तो गेल्यावर उस्ताद म्हणाले, "तुझा भाऊ बोलताना हाताकडे बघतो. ज्याला मारायचं असतं तो तसं बघतो."

त्यानंतर पाट्यांवरून आंदोलन सुरू झालं. कुठे काळं फासलं, कुठे काचा फोडल्या. ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे त्या दिवशी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कपड्यांच्या शोरूमची पाटी मी बसवत होतो. वरची ओळ मराठी, खालची इंग्रजी, दोन्ही निऑनमध्ये. मी बांबूच्या शिडीवर होतो. शेजारी रंगाऱ्यांचा लोखंडी घोडा, उंचावर काम करायची चौकट, उभा होता. पाटी तपासायला मी मालकाला आतून बटण चालू करायला सांगितलं. भर दुपारी ती पेटली, उन्हात फिकट दिसत होती.

तेवढ्यात घोषणा ऐकू आल्या. गल्लीच्या तोंडातून माणसं आली. हातात दांडकी, विटा, सळया. पुढे दादा होता. शोरूमच्या मालकाने ते पाहिलं आणि त्याने शटर ओढून घेतलं. बटण आत राहिलं. पाटी चालू, आणि मी बाहेर शिडीवर.

"खाली ये!" दादा ओरडला.

"दादा, वरची ओळ मराठी हाय. बघ तरी!"

"खालची नाय! खाली ये, नाय तर शिडीसकट पाडीन!"

पहिली वीट माझ्या कमरेत बसली. दुसरी पाटीच्या पत्र्यावर. मी शिडीला मिठी मारली. आतल्या मालकाला बटण बंद करायला ओरडत होतो, पण शटरवर दांडकी पडत होती, त्याला काय ऐकू जाणार? दादा सळई घेऊन लोखंडी घोड्यावर चढला. माझ्या अगदी समोर आला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर तोच लहानपणचा आनंद, मारामारीच्या आधी यायचा तो.

"दादा, करंट हाय! हात लावू नको!"

"भिववतो मला?"

त्याने सळई घातली. नळी फुटली आणि काचेचे तुकडे माझ्या तोंडावर उडाले. डाव्या डोळ्यात कुणी खिळा ठोकावा तसं झालं. उजव्या डोळ्याने मला दादा दिसत होता. सळई तुटलेल्या टोकाला टेकली होती आणि त्याचा हात सळईला चिकटला होता. निळी-पांढरी ठिणगी करकरत होती. त्याचं तोंड उघडं, पण आवाज नव्हता. मांस जळल्याचा वास आला. हाताने त्याला ओढलं असतं तर मीही चिकटलो असतो. मी शिडी दोन्ही हातांनी धरली, पाय वर घेतला आणि सगळ्या ताकदीने त्याच्या छातीत लाथ घातली.

तो घोड्यावरून सुटला आणि पाठीवर रस्त्यावर पडला.

खालून लोकांना काय दिसलं असेल? त्यांचा माणूस वर चढला आणि मी त्याला लाथ मारून पाडलं. एवढंच. त्यांनी माझी शिडी ओढली. पडल्यावर मी डोळ्यावर हात धरून गोळा झालो. दांडक्यांचा हिशेब राहिला नाही. कुणीतरी माझा हात डोळ्यावरून काढून तिथेच बुटाची टाच मारली. मला बायकोचं नाव घ्यायचं होतं आणि तोंडातून फक्त रक्ताची गुळणी आली. नंतर कळलं की समोरच्या फळवाल्या बाईने तिच्या गाडीवरचा सुरा उचलून आरडाओरडा केला, म्हणून ते पांगले. ती मला ओळखतही नव्हती.

डोळा काढावा लागला. दादाच्या उजव्या हाताची बोटं काळी पडली होती, अंगठा सोडून सगळी गेली. कंबरही मोडली.

मी वॉर्डात डोक्याला पट्ट्या बांधून पडलेला असताना बायको येऊन बसायची. ती बोलायची कधी थांबत नाही, बाजारातली बाई. पण त्या वेळी गप्प होती. मी उस्तादांची चौकशी केली की म्हणायची, "बरे हायत." ते भेटायला का आले नाहीत, हे मला कळेना. शेवटी मी ओरडलो, तेव्हा तिने सांगितलं.

मला मारलं त्याच संध्याकाळी दादाची पोरं शेडवर गेली होती. 'दादाला करंट लावला' म्हणून. त्यांनी हवा काढायचा पंप फोडला, बर्नर तोडले, काचेच्या नळ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे जमिनीवर आपटले. उस्ताद खुर्चीत बसून होते. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यामुळेच बहुधा पोरांचा राग वाढला. एकाने पंपाचा लोखंडी दांडा घेऊन त्यांच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे दात सगळे गेले.

काच वळवणाऱ्याचं सगळं काम तोंडावर चालतं. हात नंतर. दातांत रबरी नळी धरायची, जबडा स्थिर ठेवायचा आणि गालातून मोजकी फुंकर. त्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. समोर म्हातारा दिसला, त्याच्या तोंडावर मारलं. पण सगळ्या अंगात शोधूनही त्यांना याहून नेमकी जागा सापडली नसती.

मी उस्तादांना भेटायला गेलो तेव्हा त्यांचा जबडा तारेने बांधलेला होता. बोलताना ओठांच्या कोपऱ्यातून सळसळल्यासारखा आवाज यायचा. पोलीस येऊन गेले होते. कोण होते, ओळखता का, असं विचारल्यावर उस्तादांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. त्यांतल्या दोघांना ते लहानपणापासून ओळखत होते, पतंगाला लावायला काचेची पूड मागायला यायचे ते शेडवर.

"नाव का नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी उशाशी ठेवलेल्या लिहायच्या पाटीवर लिहून दाखवलं, नेहमीच्या सवयीने उलट्या अक्षरांत. मी ते सहज वाचलं. 'तुला इथेच राहायचं आहे.'

मुलगी त्यांना महाडला घेऊन गेली. वर्षभरात ते गेले. तारा निघाल्यावर त्यांनी एकदा नळी तोंडात धरून पाहिली होती म्हणे. हवा ओठांच्या कडेने निघून गेली. त्यांनी नळी परत मुलीच्या हातात दिली.

पण मी मध्येच पुढे गेलो. उस्तादांना भेटून आलो त्याच दिवशी मी सरळ गावात गेलो. बायको रिक्षापर्यंत मागे आली. "जाशील तर माझा तोंड बघू नको," म्हणाली. मी बसलो रिक्षात.

दादा ओटीवर खाटेवर पडला होता. हाताला बँडेजचं गाठोडं. काकी त्याला पेज भरवत होती. ही काकी म्हणजे जिने मला स्वतःच्या मुलाच्या ताटात जेवू घातलं ती. मला पाहून तिच्या हातातला चमचा थांबला.

"तू आलास? कशाला?"

मी दादाच्या छातीवर गुडघा ठेवला आणि त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. मग दुसरा. तो हात वर करू शकत नव्हता. मला हाड तुटल्याचा एक आवाज हवा होता, तो आला नाही. मी मारत राहिलो. दादा ओरडला नाही, माझ्याकडे बघत राहिला. काकी आधी माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. मग ती आत गेली आणि मासळी कापायची मोरली घेऊन आली, पाटावरची लोखंडी विळी. तिने ती माझ्या हातावर ओढली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी उघडली.

"माझ्या पोराला मारतोस? अर्धा झालेल्याला?"

"उस्तादांना मारला तवा कुठं व्हतीस?"

"मला तुझा उस्ताद ठाऊक नाय! हा ठाऊक हाय!" आणि तिने पुन्हा मोरली उगारली. तिने ती चालवली असती. मी मागे झालो. ओटीवर, पेजेवर, खाटेवर माझं रक्त सांडलं होतं. मी चालत पाण्याच्या टाकीपर्यंत आलो आणि तिथे खाली बसलो. पश्चात्ताप झाला का, असं मला पुढे कुणी कुणी विचारलं. झाला नाही. समाधानही झालं नाही, हे खरं.

दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी होत्या. गावकीने देवळात बसवून दोन्ही घरांना त्या मागे घ्यायला लावल्या. दादाकडून काकी आली होती, ती माझ्याकडे पाठ करून बसली. माझ्या बायकोने मला घरात घेतलं, पण बोलायला बराच काळ लागला.

शेडमधला पंप आणि बर्नर मी हळूहळू दुरुस्त करून घेतले, पण एका डोळ्याने काच वळवता येत नाही असं मला वाटलं होतं. पुढे काय आणि मागे काय हेच कळायचं नाही. मी नळी आगीत धरतोय असं वाटायचं आणि ती आगीच्या अलीकडेच फिरत असायची. भाजलं, कापलं, रागाने काचा आपटल्या. एकदा बर्नर लाथेने उडवला आणि पडदा पेटला. बायकोने बादली ओतली आणि मग ती तिथेच स्टूलवर बसली.

"धर," म्हणाली. "मी सांगते."

ती सांगायची, "अजून आत. थोडी मागं. बस." बाजारातला खणखणीत आवाज. मी तिच्या आवाजावर काच वळवायला शिकलो. पुढे ओठांना लागणाऱ्या उष्णतेवरूनही अंतर कळू लागलं, पण ती स्टूलवरून उठली नाही. बाजार आटोपून दुपारी येते, अंगाला सुकटीचा वास, आणि बसते.

तोवर धंदाच बदलला होता. प्लॅस्टिकच्या नळीत बारीक एलईडी घातलेलं नकली निऑन आलं. कात्रीने कापा, चिकटवा, लावा. पाट्या माझ्याकडे येईनाशा झाल्या. बायकोच्या मासळीवर घर चाललं. मी शेडमध्ये कुणी न सांगितलेली कामं करायला लागलो. पहिलं काम उस्तादांचा जबडा. पांढऱ्या प्रकाशात, माणसाच्या उंचीएवढा. खालच्या हाडाची कमान, ती दोन ठिकाणी तुटलेली, आणि दातांच्या जागी मोकळ्या खाचा. तुटलेल्या ठिकाणी मी नळीची टोकं इतकी जवळ ठेवली की बघणाऱ्याला वाटावं आता जुळतील. ते करायला मला सगळा हिवाळा लागला. अनेकदा फुटला. पेटला त्या संध्याकाळी बायको रडली. मी नाही.

मुंबईत चित्रांची गॅलरी चालवणाऱ्या एक बाई जुन्या सिनेमाघराची निऑन पाटी दुरुस्त करणारा शोधत माझ्यापर्यंत आल्या. पाटी बाजूला राहिली. जबड्यासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. "कुणी मारलं?" असं विचारलं. म्हणून मी त्यांना तो दिला.

प्रदर्शनात मी नव्या सदऱ्यात उभा होतो. लोक फोटो काढत होते. एका माणसाने, हातात सरबताचा ग्लास, गंमत म्हणून जबड्यावर टिचकी मारली. मी त्याचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. तो गुडघ्यावर आला, ग्लास फुटला. बाईंनी मला बाजूला ओढलं.

"असं पुन्हा केलंत तर तुमचं काम इथे लागणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक होता, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जबड्यासमोर दोरी बांधून घेतली. तेव्हापासून मला कलाकार म्हणतात. आणखी कामं लागली, काही परदेशातही गेली. मी स्वतःला अजून कारागीरच समजतो. कलाकाराच्या बोटांना चटके बसलेले मी पाहिले नाहीत.

दादा एके दिवशी शेडवर आला. काठी घेऊन, पाय ओढत. कितीतरी वर्षांनी. केस पांढरे झाले होते. आता मागे पोरं नव्हती, गाडीत फक्त ड्रायव्हर. त्या वेळी प्रदर्शनातून जबडा परत आला होता आणि भिंतीवर पेटलेला होता. बायको स्टूलवरून उठली, पण बाहेर गेली नाही.

दादा जबड्याकडे बघत उभा राहिला.

"ह्यो म्हातारा हाय?"

"हाय."

"तोंडावर मारा असा मी नव्हता सांगितला." मग म्हणाला, "पन पाठवलेला मीच. हॉस्पिटलातून फोन केला."

माझ्या हातात तापलेली नळी होती. ती वाकायला आली होती.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तू मला लाथ घातलीस ती कशाला, ते मला ठाऊक व्हता. चिकटलो व्हतो मी. पडता पडताच समजला. तू नसता मारलास तर मेलो असतो."

"मग पोरांना का नाय सांगितलास?"

तो उरलेल्या अंगठ्याने काठीची मूठ घासत राहिला.

"का नाय सांगितलास?"

"सगळ्यांच्या समोर पडलो व्हतो," तो म्हणाला.

मी ती लाल नळी त्याच्या पायांजवळ जमिनीवर आपटली. तुकडे त्याच्या पायजम्यावर उडाले, कापड जळलं. तो हलला नाही. "बाहेर हो," मी म्हणालो. "बाहेर हो, नाय तर या वेळी डोक्यातच घालीन." बायकोने माझा दंड धरला होता. दादा सावकाश वळला आणि गेला. मला वाटलं, तो माफी मागायला आला असेल तर मागितली का नाही? आणि मागितली असती तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी तो मारला गेला. भरावाच्या कामावरून दुसऱ्या टोळीशी जुनं वैर होतं. सकाळी, चहाच्या टपरीसमोर, गाडीतून उतरताना. कोयत्यांनी. टपरीवाल्याने सांगितलं की त्याने डोक्यावर उजवा हात धरला होता, बोटं नसलेला.

मी अंत्यविधीला गेलो. मागे उभा राहिलो, काकीने पाहिलं नाही.

दिवस झाल्यावर काकी शेडवर आली. एकटी, रिक्षाने. दारातच जमिनीवर बसली.

"त्याचा नाव कर," ती म्हणाली. "लायटीत. लाल. घरावर लावाचा हाय, रस्त्यावरून दिसला पायजे. त्या मारणाऱ्यांची घरा समोरच हायत. रोज बघू देत."

"मी नाय करणार, काकी."

"बरा," ती म्हणाली, आणि उठली नाही. दुपार झाली. मी काम करत राहिलो. बायकोने तिच्यापुढे चहा ठेवला, भाकर ठेवली. काकीने भाकर खाल्ली, चहा प्यायला, पण ती हलली नाही. ऊन उतरलं तेव्हा बायको माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तिला दुसरा कोन करून देनार?"

"एलईडीवाले करतील."

"ती तुझ्याकडे आली हाय."

मी नाव केलं. रंगवलेली काच वापरली नाही. साध्या पारदर्शक काचेत नुसता निऑन गॅस, तो आपोआप लाल पेटतो. शिरोरेषा एका दमात वळवली. नाव वळवताना माझ्या मनात प्रेम नव्हतं. त्याच्या प्रत्येक वळणाला मला ती घोड्यावर चढतानाची त्याची नजर दिसत होती. तरीही काच फुटली नाही, याचं मला नवल वाटलं.

मी आणि बायकोने ते घराच्या दर्शनी भिंतीवर बसवलं. पेटवलं. काकी रस्ता ओलांडून पलीकडे गेली, मान वर करून वाचलं, आणि समोरच्या घरांकडे वळून जोरात एक शिवी घातली.

ते दोनचार दिवसच टिकलं. दिवसाढवळ्या दगड आले. काकी अंगणातच होती, एक तिच्या कपाळाला लागला. ती टाके घालून माझ्याकडे आली. "परत कर," एवढंच म्हणाली. मी परत केलं आणि या वेळी समोर लोखंडी जाळी लावली. तिने ती काढायला लावली. पोर पिंजऱ्यात नको, म्हणाली. तेही फुटलं. मग गावातल्या बायकांनीच त्या घरांतल्या बायकांना पाण्याच्या नळावर गाठलं. तिथे झोंबाझोंबी झाली, एकीचा कान फाटला, पण नंतर दगड येणं थांबलं.

खुनाचा खटला अजून चालू आहे. आरोपी जामिनावर आहेत आणि त्याच रस्त्याने जा-ये करतात. मी महिन्यातून एकदा तारा तपासायला जातो. काकी शिडी धरते. एकदा मी वरूनच विचारलं, "उस्तादांचा जबडा बघायचाय का, काकी? मुंबईला लावलाय."

तिने शिडी आणखी घट्ट धरली.

"नको," ती म्हणाली. "मी काय तो बघू शकनार नाय. तू खाली ये, जेवून जा."

मी खाली आलो आणि जेवलो.